साहेबांचा मूड

"साहेबांचा मूड कसा आहे?" केबिनबाहेरच्या माझ्या टेबलाशी थांबून हे विचारल्याशिवाय एकोणीस वर्षांत कुणी आत गेलं नव्हतं. मी दाराच्या काचेतून डोकावायचो, चष्मा पुसायचो आणि आज रजा मागावी की नाही, ते सांगायचो. लोक मला चहा पाजायचे.

मग कंपनीतला संवाद वाढवायला एक सल्लागार आले. त्यांनी पहिल्याच दिवशी केबिनचं दार काढायला लावलं. आता कुणीही उठतं आणि थेट आत जातं. सगळ्यांत जास्त जाते ती डिस्पॅचमधली नवी मुलगी, तांबट. जाते ती जाते, वर साहेबांना हसवून येते. मला ते हसणं ऐकवत नाही.

सोमवारी ती फाइल घेऊन आली, तेव्हा मी तिला अडवलं. "आज नको. साहेबांचा मूड फार खराब आहे."

थापच होती. सकाळपासून मी साहेबांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"अय्या, हो का काका?" म्हणत ती आत गेलीच. "सर, तुमचा मूड खराब आहे म्हणे. काय झालं?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काल आईनं मला ओळखलं नाही."

तिनं फाइल बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

दार नसल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांना आई आहे, हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं. या पोरीला नोकरीला लागून अजून तीन महिनेही झाले नव्हते.