चौथं गाव

“स्टेशन? हे काय, इथंच तर आहे,” दलाल म्हणाला आणि त्याने खिडकीबाहेर असा हात उडवला, जणू स्टेशन खालच्या दोरीवर वाळत घातलं होतं.

नवऱ्याने मान डोलावली. बायकोने नाही. ती विमा कंपनीत दावे तपासायची. कुणाचं दुकान जळलं आणि कुणी जाळलं, हे ओळखण्यावर तिचं पोट चालायचं, आणि ती सवय सुट्टीच्या दिवशी घरी ठेवून येता येत नव्हती. नवऱ्याची बदली मोठ्या शहरात झाली होती. शहरात राहणं झेपणारं नव्हतं, म्हणून आसपासची गावं पालथी घालणं चाललं होतं. हे चौथं. मुलांच्या शाळा उघडायच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. आधीच्या तिन्ही गावांत स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ होतं. कुणाच्या चालीने, ते मात्र एकाही दलालाने सांगितलं नव्हतं.

“निवांत बघा, वहिनी. आपलंच घर समजा.”

घर अजून दुसऱ्याचं होतं. भाडेकरीण स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभी होती. दलाल फोन घ्यायला बाल्कनीत गेला, तशी ती पुढे आली.

“तुम्ही नवखे दिसताय, म्हणून सांगते,” तिने आवाज खाली आणला. “पाण्याची बोंब आहे इथं. आलं तर आलं. नाहीतर बसा नळाकडे तोंड करून.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. “आणि गाड्या?”

“त्याचं तर नावच काढू नका, भाऊ. सकाळी पाय ठेवायला जागा नसते. शिवाय डास. भिंतींना ओल. आम्ही अडकलोय म्हणून राहतोय झालं.”

बायकोला हायसं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोलत होतं. मग तिला स्वतःचाच राग आला. दावा करणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगायला लागला, की ऑफिसात ती पेनाचं टोपण काढायची. आज एवढं कसं विसरली?

ती घरभर फिरली. पाण्याची बोंब असलेल्या घरात पिंपं, बादल्या, असेल नसेल ते भांडं भरून ठेवलेलं असतं. इथं न्हाणीघरात एकच बादली होती आणि तीही पालथी. खिडक्या सताड उघड्या, जाळीचा पत्ता नाही. आतल्या खोलीतल्या भिंतीवर तिने तळहात फिरवला. भिंत कोरडी होती. फिकट पिवळ्या रंगात ब्रशचे फटकारे दिसत होते. कोपऱ्यात रंग छतालाही लागला होता. हे रंगाऱ्याचं काम नव्हतं. घरच्याच माणसांनी हौसेने केलेला उद्योग होता.

“चल, निघू या,” नवरा मागून येऊन म्हणाला. “हेही गाव गेलं.”

“ती खोटं बोलतेय.”

“दलाल खोटं बोलतो, भाडेकरीण खोटं बोलते. उद्या मीही खोटं बोलतो म्हणशील.”

“तुझं मी केव्हाच धरून चाललेय. दलाल का खोटं बोलतो ते कळतं. ही का बोलतेय?” उत्तरही तिनेच दिलं. “आपण घर विकत घेतलं, की यांना निघावं लागणार. अडकलेला माणूस दुसऱ्याच्या भिंतीला रंग लावत बसत नाही. आजवर सगळे आपल्या गळ्यात घर मारायला टपले होते. हे पहिलंच घर, जे कुणीतरी आपल्याला मिळू देत नाहीये. हेच घ्यायचं.”

नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तिथूनच हाक मारली, “अहो दलालसाहेब, आम्हाला पसंत आहे!”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

दलाल घरमालकाला फोन लावत जिन्याकडे धावला आणि नवरा त्याच्यामागे. बायको दारात चपला घालत होती, तेवढ्यात भाडेकरीण बाहेर आली. आता ही भांडणार, नाहीतर रडणार. दोन्हींसाठी बायकोने मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं.

“पाणी दिवसभर असतं,” भाडेकरीण म्हणाली. “स्टेशनला मोठ्या रस्त्याने जाऊ नका. मागच्या बोळातून जा, मुलांची शाळाही त्याच वाटेवर आहे. पहिल्या डब्यात बसायला मिळतं.”

बायकोने मान खाली घातली. हे खरं होतं; ते तपासावं असंही तिला वाटलं नाही. खोटं पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती लाज वाटत होती.

“तुम्ही कुठं जाल?” तिने विचारलं.

“बघू. पुढच्या एखाद्या स्टेशनला. जितकं लांब जावं, तितकं परवडतं.” भाडेकरणीने आपल्याही चपला पायात सरकवल्या आणि समोरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. “या आजी एकट्या असतात. रोज गाडीला निघताना दार वाजवायचं. आतून ‘ओ’ आली, की मगच जिना उतरायचा. पण अनोळखी माणसाला त्या ओ देत नाहीत.”

बायको त्या दाराकडे वळली.

“चला, ताई,” भाडेकरीण म्हणाली. “माझ्यादेखत एकदा वाजवा.”