लारावेलचा पहिला धडा

वेबसाइट बनवायची लारावेल ही प्रणाली शिकवणाऱ्या धड्यात लिहिलं होतं, 'आता डेटाबेसमधली सगळी टेबलं पुसून कोरी सुरुवात करा.' नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऋजुताने ती कमांड दिली आणि मग तिचं लक्ष सेटिंगकडे गेलं. तिथे सरावाचा नव्हे, रक्तपेढीचा चालू डेटाबेस जोडलेला होता.

रक्तपेढीतून लगेच फोन आला. "ओ निगेटिव्हचे दाते दिसत नाहीत हो! पेशंट ऑपरेशनला घेतलाय."

"बागवे मॅडम, माझ्याकडून सगळं उडालं," फोन ठेवून ती शेजारच्या खुर्चीकडे वळत म्हणाली.

सिनियर बागवे मॅडमनी तिला बाजूला सारून सकाळचा बॅकअप चढवला. चार मिनिटांनी नावं परत आली.

"नशीब, बॅकअप होता!"

"नवीन कोणी येणार असलं की मी घेतेच." स्क्रीनवरची नजर त्यांनी काढली नाही. "माझ्या पहिल्या दिवशी कुणी घेतला नव्हता."