फुली की शिडी

गॅरेजमध्ये चौतीस सालच्या फोर्डची चौकट लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. चौकट म्हणजे दोन बाजूंचे दोन लांब लोखंडी दांडे. मध्ये सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेत काय बसवायचं ते आज ठरायलाच हवं होतं. वेल्डिंगवाला दुपारी यायचा होता.

शैला चहाचा ट्रे घेऊन दारात आली, तेव्हा तिचा नवरा प्रल्हाद आणि महाराष्ट्र मंडळातली पद्मिनी जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे दोन नमुने लावून बघत होते. एक फुलीसारखा, एक शिडीसारखा. चौऱ्याऐंशीचा हिवाळा, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये बर्फ गुडघाभर साचलेला. तरी पद्मिनी चालत आली होती. ट्रॅक्टरच्या कारखान्यात ती ड्रॉइंग्ज करायची.

“अरे प्रल्हाद, फुलीने गाडी कणखर होते, कबूल. पण फ्लोअर वर येतो. शिडी टाकलीस तर फ्लोअर खाली सोडता येईल. पाय कसे ऐसपैस!”

“आणि वळणावर चौकट पिळली तर?”

“मग जाड पाइप टाक. एवढा काय घाबरतोस यार!”

प्रल्हाद खळखळून हसला. असं हसताना शैलाने त्याला बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. पडदे कुठले घ्यायचे असं तिने विचारलं, की तो पेपरमधून मान वर न करता म्हणायचा, ‘तुला आवडतील ते घे.’ इथे एका दांड्यावरून सकाळपासून वाद रंगला होता. चहाकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

“बसून बघतेस?” प्रल्हादने पद्मिनीला विचारलं.

दांड्यांवर फळ्या टाकून त्याने गाडीची जुनी सीट मांडली. पायांखाली आणखी एक फळी, शिडीच्या हिशेबाने खोल. पद्मिनी ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसली. चांगली उंच बाई. तिने मजेत पाय लांब केले. प्रल्हाद टेप घेऊन तिच्या गुडघ्यांशी वाकला.

“परफेक्ट!” ती म्हणाली. “शिडी. ठरलं.”

शैलाने ट्रे हत्यारांच्या टेबलावर आदळला. चहा बशांमध्ये सांडला.

“ऊठ गं पद्मिनी.”

“अं?”

“ऊठ म्हटलं. तिथे मी बसणार आहे.”

हसावं की नाही हे न कळून पद्मिनी उठली. शैला शाल सावरत सीटवर चढली, पाठ टेकून नीट बसली. तिचे पाय फळीला टेकेनात. वीतभर वरच लोंबकळत राहिले.

“अगं पण शैला,” प्रल्हाद गोंधळून म्हणाला, “तूच म्हणाली होतीस ना, या भंगारात मी मेले तरी बसणार नाही?”

“म्हणाले होते.” शैला गॅरेजच्या बंद दाराकडे बघत होती, जणू पुढे रस्ता होता. “माप घ्या.”