लाभार्थी स्थळ

पारदर्शकता हा लोकशाहीचा प्राण आहे. म्हणूनच लॉकडाऊनमध्ये मदत मिळालेल्या फूलशेतकऱ्यांची नावं सरकारने वेबसाइटवर टाकली, आणि विठ्ठलवाडीच्या समीक्षाच्या वडिलांनी पाहण्याच्या कार्यक्रमाआधीच ती वाचून काढली.

"मुलगा वागळे इस्टेटला नोकरीला आहे म्हणालेलात, बाबुराव. शेतीचा विषयसुद्धा काढला नाहीत. आणि इथे तर सरकारी मदत घेतलेल्यांत तुमचं नाव! उद्या आमच्या मुलीने काय झेंडू तोडायचा?"

पोहे बशीत तसेच राहिले. हेही स्थळ गेलं.

जिना उतरताना मितेश वडिलांवर चिडला. "पप्पा, एवढी मदत मिळालेली, तर निदान मला तरी सांगायचं ना!"

 

"मलासुद्धा आत्ताच कळलं, रे," बाबुराव म्हणाले.