मोरोक्कोत कामाला

"तू ह्या खुर्चीवर बस," आप्पा म्हणाले. "समोर धबधबा दिसतोय बघ."

"मला काय करायचाय धबधबा? तुमीच बसा," असं म्हणून इंदुताईंनी तीच खुर्ची त्यांच्यापुढं सरकवली.

धबधबा सिमेंटचा होता. पण त्या खुर्चीवर बसलं की स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ व्हायची आणि इंदुताईंना नवऱ्याची पाठच त्या दाराकडे हवी होती. नागोजीआप्पांचा हट्ट मात्र सगळ्या येळ्ळूरला माहीत. शेवटी दोघांच्या ओढाताणीला कंटाळून सून प्रियदर्शनीच त्या खुर्चीवर बसली.

बेत तिचाच होता. लग्नानंतरचा सासूचा पहिला वाढदिवस. संकेश्वरच्या पुढं हायवेला नवं पार्क झालं होतं. तिथं आकाशपाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या आणि 'मोरोक्को' नावाचं हॉटेल होतं. "शिवराज भावजी तिकडं मोरोक्को देशात काय खातात ते आपणही खाऊन बघू," ती म्हणाली होती. धाकट्या दिराला तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं. नवरा साईनाथ सांबऱ्याला विमानतळावर ड्युटीला, म्हणून गाडी तिनंच चालवली. वाटेत वळण चुकणार होतं, पण आप्पांनी वेळेवर सांगितलं, "पुलाच्या आदी डावीकडं घे." रस्ते कळतात याचा आप्पांना भारी अभिमान.

आत शिरताना आप्पा अडले. "हे मोरोक्को-बिरोक्को नको. डोसा खाऊ की." इंदुताईंनी लगेच री ओढली. सासू-सासऱ्यांचं एकमत प्रियदर्शनीनं पहिल्यांदाच पाहिलं. पण टेबल राखून झालं होतं.

आता इंदुताईंचा जीव टांगणीला लागला होता. दोन वर्षांपूर्वी शिवराज मोरोक्कोला हॉटेलात नोकरी लागली म्हणून निघाला, तेव्हा आप्पांनी गल्लीच्या तोंडाला त्याच्या अभिनंदनाचा फलक लावला होता. एजंट मुंबईतूनच पसार झाला. पोरगं लाजेनं घरी फिरकलं नाही. एके दिवशी आईला फोन करून रडलं. "आई, मोरोक्कोतच कामाला हाय गं. पर संकेश्वरच्या फुडं."

आप्पांच्या छातीत दोन स्टेंट. रोज संध्याकाळी कट्ट्यावर ते पोराच्या परदेशाच्या गोष्टी सांगायचे. हे कळलं तर माणूस जागेवर बसेल, या भीतीनं इंदुताईंनी पोराला शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज सकाळी त्यांनी न्हाणीघरातून फोन केला होता. "आज रजा टाक रं."

"रविवार हाय, सायेब देईनात. आई, आप्पांची तू काळजी करू नको."

"मी न्हाय तर कोण करणार? तू नुस्तं तोंड उघडू नको म्हंजे झालं."

स्वयंपाकघराचं दार ढकलून वेटर आला. अंगात पायघोळ झगा, डोक्याला निळा फेटा, त्याचाच शेव नाकापर्यंत गुंडाळलेला. डावा खांदा पाडून चालणं मात्र तेच. इंदुताईंनी ताटलीकडे नजर लावली.

"सलाम. वेलकम."

आप्पांच्या हातातला चमचा खाली पडला. "अगं, चमचा बघ कुटं गेला," ते बायकोवरच खेकसले. इंदुताई टेबलाखाली वाकल्या आणि तिथं चाचपडताना त्यांच्या मनात एकच धास्ती होती, वर बापलेक समोरासमोर आहेत.

वर आल्या तर आप्पा शांतपणे जेवायला लागले होते. "ह्यो कुसकुस म्हंजे उप्पीटच की," ते म्हणाले. घरी उप्पिटाला हात न लावणाऱ्या माणसानं ते तीनदा मागून घेतलं. दरवेळी वेटर जवळ यायचा आणि इंदुताई ताटलीत मान घालायच्या. दोन वर्षांनी लेक हाताच्या अंतरावर आला होता, आईच्या वाढदिवशी आईलाच परक्यासारखं वाढत होता आणि त्याला 'जेवलास काय' एवढंही विचारता येत नव्हतं.

मग पुदिन्याचा चहा आला. किटली हातभर वर धरून ओतायची तिथली रीत. वेटरची धार चुकली आणि चहा आप्पांच्या मांडीवर सांडला.

"आवं, भाजलं काय?" फडक्यामागून शब्द निसटले.

"बगा तरी, मराठीबी शिकिवल्यात ह्येस्नी," इंदुताई घाईघाईनं म्हणाल्या.

"पण आई, अगदी आपल्या येळ्ळूरसारखं बोलला!" प्रियदर्शनी हसली.

"गिऱ्हाइकं समदी हितलीच. शिकत्यात," आप्पा मांडी पुसत म्हणाले. "तुमी दोगी जावा बगू, त्यो धबधबा बगून या. मी हात धुतो."

सासू-सुना निघाल्या. प्रियदर्शनी फोटो काढायला लागली तशी इंदुताईंना उभं राहवेना. मागे दोघेच होते. "आलेच गं," म्हणून त्या उलट्या पावली वळल्या.

टेबल रिकामं होतं. हात धुवायच्या जागेपाशी, नक्षीच्या खांबाआड, आप्पांनी वेटरचं मनगट धरलं होतं आणि त्याच्या तोंडावरचं फडकं खाली आलं होतं. संपलं सगळं, इंदुताईंच्या मनात आलं. आता हे छातीला हात लावून खाली बसतील. त्या धावणार, एवढ्यात आप्पांचा दबका आवाज आला.

"फुडच्या म्हैन्यात मी नेमीगत एकटाच येतो, शिवा. आज वाचलो बघ, तुझ्या आईनं वळखलं न्हाय तुला."