सहा पेले

टेबलावर सहा पेले मांडून मेजर योहान रेडर खिडकीशी बसला. चहाचा समोवार केव्हाचा खदखदत होता.

निवृत्तीचा हुकूम कालच आला होता. तो त्याने अजून कुणाला दाखवला नव्हता. विशीत जर्मनी सोडून झारच्या चाकरीत शिरला, केस पिकले, लग्न राहून गेलं. आता टपालाच्या बर्फगाडीने निघून बहिणीकडे ल्यूबेकला जायचं, की ओरेनबुर्गजवळच्या याच किल्ल्यात शेवटचे दिवस काढायचे? त्याने मनाशी ठरवलं होतं, आज वाढदिवसाला एक जरी माणूस आला तरी राहायचं. तीन मार्च ही तारीख त्याने मागेच नझारला, आपल्या अर्दलीला, सांगून ठेवली होती. नझारच्या पोटात काही राहत नाही, हे साऱ्या किल्ल्याला ठाऊक होतं.

भिंतीवर बहिणीने पाठवलेली जर्मन दिनदर्शिका होती. ती रशियन तारखेच्या बारा दिवस पुढे चाले. "कचेरीतून घरी आलो की बारा दिवसांनी म्हातारा होतो," असं तो म्हणे. हसायला घरात कुणी नसे.

नझार लाकडं घेऊन आला.

"एवढे पेले, हुजूर? पाव्हणे येणारेत?"

"नीट धुतलेत का, ते बघत होतो."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही म्हणा की!"

तेवढ्यात बराकीतून गाणं ऐकू आलं. योहानच्या आईचं जर्मन गाणं, तो दाढी करताना गुणगुणायचा ते. शब्दांची पार वाट लावलेली आणि मधूनमधून हशा.

"हे काय चाललंय?"

नझार गोरामोरा झाला. "काही नाही, हुजूर. रिकामटेकडे लेकाचे. आत्ता जाऊन दटावतो."

"राहू दे. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?"

अंधार पडेपर्यंत कुणी आलं नाही. इतकी वर्षं ज्यांच्यात काढली, त्यांना आपण फक्त हसण्यापुरते, या विचाराने त्याला रडू फुटलं. पेले त्याने स्वतःच उचलून ठेवले.

सकाळी त्याने नझारला काहीतरी निमित्त काढून गावात धाडलं, आपली तलवार त्याच्या खाटेवर ठेवली आणि कुणाचाही निरोप न घेता बर्फगाडीत बसला.

दुपारी नझार परतला तो कोटाखाली मधाचं गाडगं लपवून थेट बराकीत शिरला.

"चला रे, पुन्हा एकदा म्हणा! काल साहेबांच्या कानावर गेलं, थोडक्यात वाचलो. आज वीस फेब्रुवारी झाली. तीन मार्चला अख्ख्या किल्ल्यानं साहेबांच्या दारात उभं राहून गायचंय!"