ड्रायव्हरची सीट

१९६४ साली दसऱ्याआधी मिरजेच्या कुमुदने सासऱ्यांच्या, तात्यांच्या, जुन्या ऑस्टिन गाडीच्या पुढच्या सीटा घरीच नव्याने शिवायला घेतल्या. जुनं कव्हर उसवून त्याच्या तुकड्यांवर नवं रेक्झिन बेतायचं, हे ती माहेरी शिकली होती. ड्रायव्हरची सीट उसवली, तर काथ्यावर गोधडीच्या जाड घड्या निघाल्या.

"अगंबाई, हे कुठल्या अडाण्याचं काम?" ती हसली. शेजारी सासूबाई खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या. कुमुदने घड्या काढल्या, नवा काथ्या भरला आणि दोन्ही सीटा अगदी सारख्या केल्या.

दसऱ्याला सगळी आळी जमली. तात्या गाडीला हार घालून ऐटीत आत बसले आणि स्टिअरिंगमागे दिसेनासेच झाले.

"अहो तात्या, गाडी आपली आपण चालणार वाटतं!" समोरचे बापट ओरडले. सगळे खो खो हसले. तात्या खाली उतरले, "आज नको," म्हणाले आणि घरात गेले.

कुमुदला मान वर करवेना. सासूबाईंनी आपल्या बुटक्या नवऱ्याची उंची सीटच्या पोटात शिवून ठेवली होती.

"मला सांगायचं तरी!"

"नवऱ्याचं उणं सुनेला सांगू?" सासूबाईंनी गोधडी पुढे केली. कुमुदने त्याच दुपारी टाके उसवले आणि घड्या परत आत शिवल्या.

तात्यांनी पुढे बरीच वर्षं गाडी चालवली, पण बापटांच्या दारावरून कधीच नेली नाही. सासूबाई त्यांच्याआधी गेल्या. गाडी विकताना कुमुदने गोधडी तेवढी काढून घेतली. ती आजही तिच्या पलंगावर असते. अंगावर घ्यायची मात्र तिला अजून लाज वाटते.